अण्णांच्या जॅकेटची डावी बाही

हा धागा मी बरेच महिने नुसता वाचतेय. लिहायचं धाडस होत नव्हतं, कारण इथले कितीतरी अनुभव वाचून मी स्वतःच मनात म्हटलंय — झोप झाली नसेल यांची, नाहीतर ताप असेल अंगात. माझा स्वभावच तसा आहे. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे मी, गाड्यांचे रबरी आणि प्लॅस्टिकचे पार्ट बनतात आमच्याकडे. एखादा पार्ट खराब म्हणून परत आला की 'का झालं, मग ते का झालं' असं विचारत विचारत मुळापर्यंत जायचं, हे माझं रोजचं काम. आम्ही त्याला व्हाय-व्हाय म्हणतो. कारण सापडत नाही असा पार्ट मी आजवर पाहिलेला नाही, फक्त शोधणारा कंटाळलेला पाहिलाय. तेव्हा भुताखेतांच्या गप्पांत मी कायम दुसऱ्या बाजूला बसणारी.

आणि जे सांगणार आहे त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही, हेही आधीच सांगते. सगळं भर दिवसा घडलंय, बरंचसं कासारवाडीच्या आमच्या आईच्या फ्लॅटमध्ये, रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. वस्तू म्हणाल तर एक लेदरचं जॅकेट. तेही जुनं नाही. जुन्यासारखं दिसणारं, पण कोरं.

आधी अण्णांबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे लातूरकडचे. तरुणपणी पिंपरीत आले, एका कारखान्यात प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायच्या खात्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मी शाळेत होते तेव्हा पावसात त्यांची स्कूटर घसरली आणि डावं कोपर मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट टाकली, पण हात काही पुन्हा सरळ झाला नाही. छत्री धरल्यावर हात कसा वाकलेला राहतो, तसा तो कायमचा राहिला. स्टेशनच्या पुलावरून गर्दी उतरायची तेव्हा मी खालून त्या हातावरून अण्णांना ओळखायचे. चेहरा दिसायच्या आधी कोपर दिसायचं.

त्यांना शर्ट घालणं हे घरातलं रोजचं काम होतं, आणि ते आईचं. आधी डावी बाही. आई बाही गोळा करून मनगटाच्या बाजूने स्वतःचा हात आत घालायची, त्यांची बोटं पकडायची आणि अलगद ओढून घ्यायची. मग कोपरावर हलकीशी थाप मारायची — झालं, आता दुसरा. ती थाप म्हणजे जणू पावतीच. अण्णा त्याशिवाय उठायचे नाहीत.

आता जॅकेट. अण्णांची एक गोष्ट होती, दर हिवाळ्यात सांगायचे. ते लहान असताना गावाबाहेर ज्वारी काढलेल्या रानात एक छोटं विमान उतरलं होतं. काहीतरी बिघाड झाला असणार. अख्खं गाव जमलं. पायलट एकटाच, तरुण, हिंदी बोलणारा. त्याची माणसं न्यायला येईपर्यंत तो विमानाच्या पंखाखाली बसून राहिला. सगळी पोरं भोवती उभी. अण्णा उघडेच होते, थंडीनं कुडकुडत होते. त्या पायलटनं आपलं लेदरचं जॅकेट काढलं आणि त्यांच्या अंगावर घातलं.

"गुडघ्याच्या खाली आलं हुतं," अण्णा सांगायचे. "आन् वास... चामड्याचा आन् पेट्रोलचा. कॉलरला लोकर. मला वाटलं, मीच उडवलं इमान."

पायलट गेला, जॅकेट अर्थातच परत गेलं. नातेवाईक हसायचे. मामा तर म्हणायचे, अण्णांचं विमान दरवर्षी थोडं मोठं होतं. अण्णा चिडायचे नाहीत. गोष्ट मात्र सांगायचे थांबले नाहीत.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांनी मला फोनवर एक जाहिरात दाखवली. उत्तरेकडच्या एका छोट्या कारखान्याची. जुन्या काळच्या पायलट लोकांची जॅकेटं होती तशीच्या तशी, नव्यानं शिवून देतात. तपकिरी लेदर, मेंढीच्या लोकरीची कॉलर, पुढे पितळेची चेन.

"वैशू, हेच हाय बघ ते. कॉलर बी तीच."

"अण्णा, ही नक्कल आहे. रिप्रॉडक्शन म्हणतात."

"असू दे की. मी तरी कुठं पायलट हाय?"

उभ्या जन्मात त्या माणसानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. कंपनीतून मिळालेला स्वेटर विरेपर्यंत घातला. मी लगेच ऑर्डर दिली. मापं आईनं घेतली, शिलाई मशीनच्या टेपनं. बाहीचं माप उजव्या हाताचं दिलं, कारण त्या कारखान्याला एकाच हाताचं हवं होतं. हे मुद्दाम लिहितेय. डाव्या हाताबद्दल आम्ही त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं.

गणपती होऊन गेले, आणि एका सकाळी चहा पिऊन अण्णांनी पेपर उघडला आणि तसेच मागे टेकले. आईला वाटलं डुलकी लागली.

तेराव्याचे पाहुणे परत गेले त्याच आठवड्यात पार्सल आलं.

मी सुट्टीवरच होते, कासारवाडीलाच. आईनं कात्रीनं टेप कापला. आत जाड पुठ्ठा, पातळ कागद, आणि मध्ये ते जॅकेट सपाट ठेवलेलं. लेदर इतकं कडक की हातात धरलं तर उभं राहील. मी त्याचे फोटो काढले. का काढले माहीत नाही... अण्णांना पाठवायची सवय, दुसरं काय. पुढून, मागून, दोन्ही बाह्या पसरून. ते फोटो अजून माझ्याकडे आहेत. दोन्ही बाह्या पुठ्ठ्यासारख्या सरळ.

आईनं ते हँगरला लावून कपाटात अडकवलं. दिवाळी झाल्यावर म्हणाली, "इकून टाक ते."

"आई!"

"त्येनी घातलंच न्हाई गं ते. त्येंचं सदरं हायेत माझ्याकडं, चष्मा हाय. हे कोरं ठिवून काय करू? घालायची वस्तू हाय, कुनीतरी घालू दे."

मापानं शिवलेलं असल्यामुळे कारखाना परत घेणार नव्हता. मग मी जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर टाकलं. त्याच फोटोंसकट. लिहिलं — रिप्रॉडक्शन फ्लाइट जॅकेट, अस्सल लेदर, एकदाही न वापरलेलं.

चौकशा बऱ्याच आल्या. त्यातला एक तरुण रविवारी सकाळी बघायला आला, हिंजवडीला आयटीत होता, मोठी बाइक खाली लावून. चांगला मुलगा. आईनं चहा टाकला. मी कपाटातून जॅकेट काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते सोफ्यावर पसरलं आणि थोडा घुटमळला.

"मॅडम, तुम्ही न वापरलेलं लिहिलं होतं ना?"

"हो. घरी आल्यापासून कपाटातच आहे."

"मग हे?"

त्यानं डावी बाही माझ्यापुढे केली.

कोपराच्या आतल्या बाजूला घड्या होत्या. गोलसर, एकात एक बसलेल्या, जशा कित्येक वर्षं वापरलेल्या लेदरला पडतात. बाहेरच्या बाजूला कोपराचा फुगवटा, आणि त्यावर रंग किंचित उडून चकाकी आलेली. हातातून सोडली तरी बाही सरळ होत नव्हती. वाकलेलीच राहत होती. उजवी बाही मात्र शेजारी काठीसारखी पडलेली.

तो मुलगा शहाणा होता, वाद घातला नाही. "सॉरी, मला कोरंच हवं होतं," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. आई दारात ट्रे घेऊन उभी होती. तिनं बाहीकडे पाहिलं, ट्रे टेबलावर ठेवला आणि आत गेली.

माझं डोकं लगेच कामाला लागलं. का? कुणीतरी घातलंय. कुणी? घरात आई एकटी. मी स्वयंपाकघरात गेले आणि शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, "आई, तू घालून बसतेस का गं ते? घातलंस तर घातलंस, माझं काही म्हणणं नाही..."

आई वळली. "मी? मी बाप्या माणसाचं जॅकेट घालून बसीन व्हय?"

"तसं नाही गं..."

"थांब तू."

आणि ती तरातरा बाहेर गेली, पदर खोचला आणि जॅकेट अंगात चढवलं. आमची आई म्हणजे चार फूट काहीतरी. हात बाह्यांत कुठल्या कुठे गडप झाले. जॅकेट तिच्या अंगावर तंबूसारखं उभं राहिलं. आणि त्या घड्या आल्या तिच्या पार मनगटाजवळ. तिचं कोपर वरच कुठेतरी होतं, तिथलं लेदर ताठच्या ताठ.

"बघ," ती म्हणाली. "माजं कोपर हितं हाय का?"

मला हसू आलं. तीही हसली. तेराव्यानंतर पहिल्यांदा आम्ही दोघी हसत होतो, ती त्या कॉलरमध्ये नाकापर्यंत बुडलेली. मग ती जॅकेट काढता काढता थांबली, डावी बाही हातात घेतली आणि नुसती म्हणाली, "त्येंचंच हाय हे. मला काय कळत न्हाई व्हय?"

मी ते जॅकेट रावेतला माझ्या घरी आणलं. माझ्या कपाटात, माझ्या किल्लीखाली. कारखान्याच्या माणसाला फोन केला. मला वाटलं पॅकिंगमध्ये दबलं असेल, किंवा त्या बाजूचं लेदर पातळ असेल. मी त्याला फोटो पाठवले, आधीचे आणि आताचे. त्यानं फोन चालू ठेवूनच ते उघडले. मग म्हणाला, "मॅडम, पॅकिंग का फोल्ड सीधी लाइन में आता है. ये तो पहना हुआ है. दो-तीन ठंड निकालो रोज पहन के, तब ऐसा बनता है." मी म्हटलं कुणी घातलेलं नाही. तो नम्रपणे "जी" म्हणाला. विश्वास बसला नव्हता हे उघड होतं.

माझा नवरा नितीन माझ्यासारखाच. तो म्हणाला हँगरवर वजन एका बाजूला येत असेल. मग आम्ही ते पलंगावर आडवं ठेवलं, बाही सरळ करून त्यावर जाड पुस्तकं ठेवली. दुपारी पुस्तकं उचलली तर बाही हळूहळू परत वाकली... झोपलेलं माणूस कुशीवर वळतं तशी, अगदी सावकाश. नितीन बघत उभा होता. चेष्टा करेल असं मला वाटलं. पण तो म्हणाला, "अण्णांना गाडीवर मागे बसवायचो ना, तेव्हा हे कोपर माझ्या बरगडीत रुतायचं. इथे." आणि बरगडीवर हात ठेवून बसला जरा वेळ.

त्यानंतर मला ते विकायचं नव्हतं. खरं सांगते. मी रोज कामावरून आले की कपाट उघडून बघायचे. अधूनमधून फोटो काढायचे, मागच्या फोटोशी ताडून बघायचे. घड्या खोल होत होत्या असं मला वाटायचं. नितीनच्या मते तशाच होत्या. कंपनीत मन लागत नव्हतं, एकदा तर मी चुकीच्या लॉटवर ओके मारता मारता वाचले. आईला हे नितीनकडून कळलं असणार. ती रावेतला आली, माझ्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसली आणि मला म्हणाली, "हे असं टांगून तू बघत बसणार. आन् किती दिस?"

"पण आई, हे अण्णांचं आहे म्हणालीस ना तूच?"

"व्हय, म्हनले. म्हणूनच सांगते. त्येनी ते घालायसाठी मागवलं हुतं, टांगायसाठी न्हाई. तू पुन्हा टाक ते मोबाइलवर. आन् खरं लिही. बाहीला घड्या हायेत म्हणून लिही."

"आणि कशामुळे असं विचारलं तर?"

"म्हाईत न्हाई म्हणून लिही की. लाज वाटती का?"

मला वाटत होती लाज, खरंच. क्वालिटीतल्या बाईनं 'कारण माहीत नाही' लिहायचं म्हणजे... पण लिहिलं. नवे फोटो टाकले आणि खाली ओळ टाकली: डाव्या बाहीला कोपराजवळ घड्या आहेत, बाही वाकलेली राहते, कारण माहीत नाही.

अशा जाहिरातीवर कोण फोन करणार? मला वाटलं बरंच झालं, राहील आपल्याकडेच. पण एका दुपारी लंच टाइमला फोन आला. बाईंचा आवाज. देहूरोडहून बोलत होत्या, नाव शबाना.

"ताई, ते जॅकेट गेलं का?"

"नाही अजून. पण त्याची बाही—"

"तेच विचारायचंय. डावीच बाही आहे ना? वाकलेली म्हणजे कशी? हात असा पोटाजवळ धरल्यासारखी?"

मी कॅन्टीनमधून उठून बाहेर आले. "हो. अगदी तशीच. का?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे मिस्टर बशीरभाई, देहूरोड बाजारात टू-व्हीलरचं गॅरेज. आयुष्यभर बाइकवर फिरलेला माणूस, थंडीत लोणावळ्याला नुसता चहा प्यायला जाणारा. अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय थोडा सुधारला, जीभ थोडी सुधारली, हात मात्र कोपरात आखडला तो आखडलाच. आता गॅरेज त्यांचा धाकटा भाऊ बघतो, हे बाहेर खुर्ची टाकून बसतात. स्वेटर घालताना हात दुखतो म्हणून ओरडतात. जॅकेट तर कुठलंच घालता येत नाही. शाल दिली की भिरकावून देतात, म्हणतात मी काय म्हातारा झालोय का.

"तुम्ही हे जॅकेट पहिल्यांदा टाकलंत तेव्हाच त्यांनी पाहिलं होतं ताई. रोज मोबाइल काढून बोट दाखवायचे. मी म्हणायचे, अहो, नवीन लेदर किती कडक असतं, हात कसा जाणार? मग ते गप बसायचे. काल परत बघितलं, तर तुम्ही हे बाहीचं लिहिलेलं..."

मी त्यांना कासारवाडीचा पत्ता दिला. आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "घिऊन ये जॅकेट. मी बेसनाचं लाडू करते."

ते दोघं रिक्षानं आले. आईचा फ्लॅट तळमजल्यावर आहे हे बरं झालं. बशीरभाई अण्णांपेक्षा तरुण, अंगानं भरलेले, दाढी अर्धी पिकलेली. काठी टेकत आले. डावा हात पोटाशी. मी त्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं... पण आई सरळ बघत होती. त्यांच्याकडे नाही, हाताकडेच.

"बसा भाऊ," ती म्हणाली.

बशीरभाई खुर्चीत बसले. तोंड घट्ट मिटलेलं. अशा किती ट्रायल त्यांनी सोसल्या असतील कोण जाणे. शबानाभाभींनी जॅकेट घेतलं आणि सवयीनं उजव्या हाताकडून सुरुवात केली, चांगला हात आधी. आई पुढे झाली.

"थांब पोरी. तसं न्हाई. आधी दुखरा हात. चांगला हात काय, मागनं बी येतो. दे इकडं."

शबानाभाभी बाजूला झाल्या. आई गुडघे दुखतात तरी खाली बसली. तिनं डावी बाही गोळा केली, मनगटाच्या बाजूनं आपला हात आत घातला, आणि आतून बशीरभाईंची बोटं धरली. त्यांनी डोळे मिटून घेतले, दुखणार म्हणून. आईनं अलगद ओढलं. लेदर सरकलं... कुठेही अडलं नाही. कोपर घड्यांच्या जागी आलं आणि आमच्याकडे साच्यात पार्ट बसतो ना, बारीकसुद्धा फट न ठेवता, तसं बसलं. बशीरभाईंचा हात अण्णांच्या हातापेक्षा आखूड आहे, मी डोळ्यांनी बघत होते. त्या घड्या त्यांच्या कोपराच्या खाली यायला हव्या होत्या. त्या बरोब्बर कोपरावर होत्या.

आईनं बाही सारखी केली आणि कोपरावर हलकेच थाप मारली.

मला खात्री आहे, तिला कळलंही नाही आपण ती मारली. मग तिचा हात तिथेच राहिला.

बशीरभाईंनी डोळे उघडले. आधी बाहीकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. "दुखलं... नाही," ते म्हणाले. मग परत एकदा, जास्त स्पष्ट, "शब्बो, दुखलं नाही."

शबानाभाभी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दुसरी बाही घालायचं मग मीच केलं. ती मात्र खरंच कडक होती, बशीरभाईंनी स्वतःच जोर लावून हात घुसवला आणि चेन वर ओढायला मला खूण केली. कॉलर वर केली. भिंतीवरच्या आरशात बघून त्यांनी मान किंचित तिरकी केली, आणि त्यात एकदम तो लोणावळ्याला चहा प्यायला जाणारा माणूस दिसला मला.

आईनं लाडू दिले. आणि विमानाची गोष्ट सांगितली. अण्णांची गोष्ट आईच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली, अण्णा सांगत तेव्हा ती नेहमी स्वयंपाकघरातच असायची. पण प्रत्येक तपशील तिला पाठ होता. ज्वारीचं रान, पंखाखाली बसलेला पायलट, गुडघ्याखाली आलेलं जॅकेट. बशीरभाई लाडू हातात धरून ऐकत होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, "इंजन... कसं होतं? पुढे पंखा?" आईला ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, "अगं बाई, हे तर मी कधी इचारलंच न्हाई त्येनला." त्यावर बशीरभाई चेहऱ्याच्या अर्ध्या बाजूनं हसले.

पैशांचं बोलणं निघालं तेव्हा मी म्हणणार होते की राहू दे. आईनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. "जाहिरातीत लिहिलंय त्येवढं द्या," ती बशीरभाईंना म्हणाली. त्यांनी पाकीट स्वतः काढलं, एका हातानं, मांडीवर ठेवून. वेळ लागला. आम्ही सगळे थांबलो. नोटा आईच्या हातात देताना त्यांची पाठ ताठ होती.

ते गेल्यावर आई बराच वेळ खुर्चीकडे बघत बसली. मी तिला विचारलं, "आई, हे काय होतं गं?"

"मला काय म्हाईत," ती म्हणाली. "तूच शिकलेली हायेस." चिडून नाही, सहज. आणि भांडी घासायला उठली.

तर असं आहे. मी यावर खूप विचार केलाय. कागद घेऊन व्हाय-व्हायसुद्धा करून पाहिलं, दुसऱ्या 'का'च्या पुढे जाता आलं नाही. नवीन लेदर, कुणी न घातलेलं, हवेतल्या ओलीनं वाकलं म्हणावं तर उजवी बाही का नाही वाकली? अण्णांचा हात त्यात होता म्हणावं तर घड्या बशीरभाईंच्या कोपरावर कशा आल्या? बशीरभाई रोज त्या फोटोवर बोट ठेवत होते म्हणून ती बाही त्यांच्यासाठी वाकली म्हणावं, तर आईनं बघताक्षणी हात ओळखला तो कुणाचा? मला माहीत नाही. इथे कुणाला चामड्यातलं कळत असेल तर जरूर सांगा, मी मोकळ्या मनानं ऐकेन. फक्त 'भास' म्हणू नका. फोटो आहेत माझ्याकडे.

देहूरोडला माझी मावशी राहते. तिचे डोळे अधू झालेत, म्हणून आई अधूनमधून सकाळची गाडी पकडून तिच्याकडे जाते, दुपारपर्यंत परत येते. या जानेवारीत एकदा मी कंपनीत प्रॉडक्शन लाइनवर होते आणि आईचा फोन आला. कामाच्या वेळेत ती कधी करत नाही, म्हणून मी मास्क काढून बाहेर पळाले.

"काय झालं आई?"

"काय न्हाई गं. मावशीकडनं निघाले, बाजारातनं स्टेशनला चालले हुते." मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. "आज दिसले."

मी मशीनच्या आवाजापासून आणखी लांब गेले.

"उन्हात बसले हुते. कॉलर वर केली हुती. कुनासंगं तरी बोलत हुते, हसत हुते."

"मग तू गेलीस का जवळ?"

"न्हाई. रस्त्याच्या पल्याडनंच बघितलं. कशाला मध्ये जायचं? बरे दिसत हुते."

आमच्यात आई नवऱ्याचं नाव कधी घेत नाही. घरातल्या माणसाबद्दलही असंच, नाव न घेता बोलते आणि परक्या माणसाबद्दलही. कोण दिसले, हे मी तिला विचारलं नाही. मी म्हटलं, "बरं झालं, आई," आणि ती म्हणाली, "व्हय, गाडी आली बघ," आणि फोन ठेवला.